जुन्या विमानाचे छायाचित्र काय सांगते?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरातल्या विद्यार्थ्यांना दुसरे महायुद्ध शिकवताना आपण हिटलर, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा यांविषयी बोलतो. त्या युद्धाच्या खुणा त्यांच्या घरापाशीच आहेत, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. आजचे उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसे राहू शकतील, अशा बेताने ती उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींमध्ये आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असे पत्ते आजही सांगितले जातात, ते त्या छावणीमुळेच.

दुसरी खूण काही किलोमीटरवर, मलंगगडाच्या पायथ्याच्या दिशेला आहे. नेवाळी आणि आसपासच्या गावांची सुमारे १६०० एकर जमीन ब्रिटिश सरकारने युद्धकाळात विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, पण जमिनीचा प्रश्न संपला नाही. पुढे ती नौदलाच्या ताब्यात आली. 'जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळाली पाहिजे', असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. जून २०१७ मध्ये तेथे कुंपणाची भिंत घालण्याच्या कामावरून आंदोलन पेटले आणि त्याला हिंसक वळण लागले. पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपणारे युद्ध या गावांत असे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर येऊन थांबले आहे.

ज्या पिढीने या धावपट्टीवरची विमाने डोळ्यांनी पाहिली, त्या पिढीतले फार थोडे लोक आज उरले आहेत. १९४३ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या पुढे असणार. युद्धकाळात लष्करी ठाण्यांजवळ कॅमेरा नेण्यास मनाई असे आणि फिल्मही सहजी मिळत नसे. त्यामुळे सामान्य माणसांनी काढलेली त्या काळातल्या विमानांची छायाचित्रे मुळातच दुर्मिळ आहेत. म्हणूनच एखाद्या घरातल्या पेटीत असे एखादे चित्र सापडले, तर त्याचे मोल मोठे. पण ते वाचता आले पाहिजे. आणि वाचण्याची कला शिकण्याचा सोपा मार्ग म्हणजे आज हवाई प्रदर्शनांत व संग्रहालयांत दिसणाऱ्या जुन्या लष्करी विमानांची छायाचित्रे स्वतः काढून पाहणे. काढताना जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न वाचताना उपयोगी पडतात.

वर्तुळावरून काळ

लष्करी विमानाच्या पंखांवर आणि अंगावर रंगीत वर्तुळ असते. ब्रिटिशांचे वर्तुळ निळे, पांढरे आणि मध्यभागी लाल असे. हिंदी हवाई दल १९३२ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्यानेही हेच चिन्ह घेतले. पण १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरला. जपानी विमानांवर मोठा लाल गोळा असे. आकाशात वेगाने जाणाऱ्या विमानावरचा लाल ठिपका दिसला, की ते आपले की शत्रूचे असा घोटाळा होऊ लागला. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला. आपल्याकडील विमानांवरूनही लाल रंग गेला आणि पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका असे चिन्ह आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र होते. १९५० पासून केशरी, पांढरा आणि हिरवा अशी तीन रंगांची वर्तुळे आली, ती आजही आहेत.

म्हणजे एकट्या वर्तुळावरून भारतातल्या विमानाचे छायाचित्र १९४२ पूर्वीचे, युद्धाच्या उत्तरार्धातले, १९४७ ते १९५० मधले की त्यानंतरचे, हे बरेचसे ठरवता येते. पण येथे एक मेख आहे. जुने चित्र कृष्णधवल असते आणि सर्व फिल्म रंगांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या प्रकारच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. तिच्यावर लाल ठिपका काळा येतो आणि निळा रंग फिकट येतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हीच छटा निराळी दिसते. तेव्हा 'मधला ठिपका गडद आहे' एवढ्यावरून तो निळा की लाल हे सांगू नये. तिरंगा ध्वज, पोस्टाची पेटी किंवा ओळखीच्या रंगाची एखादी वस्तू त्याच चित्रात असेल, तर तिच्या छटेशी ताडून पाहावे.

एक विमान, अनेक नावे

वर्तुळ विश्वासाचे, पण तेही रंगवलेलेच असते. विमानावर रंगवलेली गोष्ट खरी मानली तर किती फसगत होऊ शकते, याचे सुरेख उदाहरण आपल्या देशाशीच जोडलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी भारतात लिबरेटर नावाची चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने वापरली. अमेरिकेशी झालेल्या करारामुळे युद्धानंतर ती इतर कोणाला देता येत नव्हती. म्हणून कानपूरच्या तळावर शेकडाभर लिबरेटर विमाने निकामी करून टाकून दिली गेली. स्वतंत्र भारताकडे तेव्हा मोठे बॉम्बफेकी विमान नव्हते. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी हे भंगार तपासले. एकाचे चाक, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची काच असे जमवून त्यांनी विमाने उडण्याजोगी केली, ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती केली. अशी चाळीसच्या आसपास विमाने हवाई दलात दाखल झाली. पुण्याच्या लोहगाव तळावरच्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांचा उपयोग सागरी टेहळणीसाठी केला. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली.

तोवर बाकीच्या जगात लिबरेटर जवळपास नाहीशी झाली होती. युद्धकाळात अठरा हजारांहून अधिक बांधली गेली आणि युद्ध संपताच वितळवून त्यांचे ॲल्युमिनियम काढले गेले. संग्रहालयांना जाग आली, तेव्हा धडधाकट विमाने उरली होती ती भारतात. एक कॅनडाला गेले, एक ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात, एक १९६९ मध्ये उडत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात. आणखी एक १९८० च्या दशकात आधी ब्रिटनमधल्या व तेथून अमेरिकेतल्या संग्राहकाकडे गेले. हे विमान ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमध्ये बांधलेले होते. पुन्हा उडू लागल्यावर ते अमेरिकेतल्या हवाई प्रदर्शनांचे मोठे आकर्षण ठरले. त्याच्यावर आधी 'ऑल अमेरिकन' हे नाव होते, मग 'द ड्रॅगन अँड हिज टेल' आणि २००५ पासून 'विचक्राफ्ट'. ही तिन्ही नावे युद्धात लढलेल्या दुसऱ्याच विमानांची होती. त्यांच्या स्मरणार्थ ती या विमानावर रंगवली गेली.

आता त्याचे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. नाकावर चित्र, अमेरिकन तारा, अमेरिकन आकाश. कानपूरचे भंगार, बंगळूरच्या कारागिरांचे हात आणि भारतीय हवाई दलातली नोकरी यांतले काहीही त्या चित्रात दिसत नाही. चित्र खोटे नाही, पण ज्याला विमानाचा कारखान्यातला अनुक्रमांक ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते अर्धवट आहे.

आपल्या हवाई दलाकडेही असे एक विमान आहे. जुन्या डाकोटा विमानांनी आपल्याकडे १९८८ पर्यंत काम केले. त्यानंतर ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा विमान राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे हवाई दलातील निवृत्त एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या, सन्मानार्थ हवाई दलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. त्याचे नाव 'परशुराम' आणि क्रमांक व्हीपी ९०५. त्या वर्षीच्या हवाई दल दिनाला, ८ ऑक्टोबर रोजी, हिंडन तळावर ते उडाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा क्रमांकही व्हीपी ९०५ हाच होता. पण ते विमान वेगळे आणि हे वेगळे. क्रमांक सन्मानाने दिलेला आहे. पन्नास वर्षांनी एखाद्याला या विमानाचे छायाचित्र टिपणाशिवाय मिळाले, तर तो सहज लिहून मोकळा होईल की 'श्रीनगरला उतरलेले हेच ते विमान'.

पंखा फिरतो आहे की थांबला आहे?

आता छायाचित्र काढण्याकडे वळू. जुन्या विमानांना पुढे पंखा, म्हणजे प्रॉपेलर असतो. उडत्या विमानाचे चित्र अगदी थोड्या वेळात, सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतले, तर पाती जागच्या जागी थिजलेली दिसतात. विमान जणू दोरीने टांगलेले खेळणे वाटते. तो पंखा फिरत होता, हा पुरावाच चित्रातून निघून जातो.

थोडे गणित करू. टायगर मॉथ हे दोन पंखांच्या जोड्यांचे जुने शिकाऊ विमान. त्याचा प्रॉपेलर उडताना मिनिटाला सुमारे २००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३३. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो १२ अंश फिरतो, १२५ व्या भागात ९६ अंश आणि साठाव्या भागात २०० अंश. पात्यांची संख्या दोन, म्हणून पूर्ण चकती दिसण्यासाठी १८० अंश पुरेत. साठाव्या भागात ते साधते. डाकोटाचे इंजिन वेगाने फिरते, पण दंतचक्रांमुळे प्रॉपेलर त्याहून हळू, मिनिटाला सुमारे ११५० फेरे फिरतो. त्याला पाती तीन, म्हणून १२० अंश फिरले की पुरे. येथेही उत्तर साठाव्या भागाच्या जवळच येते.

पण साठाव्या भागात विमानही पुढे सरकते. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणारे टायगर मॉथ तेवढ्यात अर्धा मीटर जाते. चित्र पुसट होऊ नये, म्हणून छायाचित्रकार विमानाबरोबर कॅमेरा फिरवत नेतो आणि फिरवता फिरवताच कळ दाबतो. कमरेपासून वर वळायचे, पाय स्थिर ठेवायचे आणि कळ दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. दहा चित्रांत एखादे साधते. मागची झाडे रेघोट्यांसारखी येतात आणि विमान मात्र स्वच्छ येते.

दुसरी अडचण प्रकाशाची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक चित्रातल्या एकूण उजेडाची सरासरी काढतो. चौकटीचा मोठा भाग उजळ आकाशाने व्यापलेला असला, की तो प्रकाश कमी करतो आणि विमान काळी सावली होऊन बसते. वर्तुळ आणि क्रमांक दोन्ही हरवतात. म्हणून उडत्या विमानासाठी मापकाने सांगितल्यापेक्षा प्रकाश मुद्दाम दीडपट ते दुप्पट द्यावा. सूर्य आपल्या पाठीमागे असेल अशी जागा निवडली, तर काम निम्मे होते.

आजच्या मोबाइल फोनने काढलेल्या चित्रांत वेगळीच गंमत होते. प्रॉपेलरची पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात, कधी तुटून हवेत तरंगतात. याचे कारण असे, की बहुतेक फोन सगळे चित्र एका क्षणी टिपत नाहीत. ते एकेक ओळ वरून खाली वाचत जातात. शेवटची ओळ वाचेपर्यंत पाते बरेच फिरलेले असते. पडद्यासारखे सरकणारे शटर असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांतही असेच होई. शतकापूर्वीच्या काही चित्रांत शर्यतीच्या गाडीची चाके तिरपी अंडाकृती दिसतात, ती याच कारणाने. तेव्हा वाकलेले पाते पाहून 'प्रॉपेलर मोडला होता' असा निष्कर्ष काढू नये. पुरावा वाचण्याआधी, ज्या उपकरणाने तो नोंदवला त्याचा स्वभाव कळायला हवा.

वर्गात करून पाहा

यासाठी विमान लागत नाही. तीन पात्यांचा साधा टेबल फॅन घ्या. पूर्ण वेगावर तो मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे जवळजवळ डाकोटाच्या प्रॉपेलरइतकेच. पंख्याला जाळी असू द्या आणि मुलांना थोडे लांब उभे करा.

१. शटरचा वेग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याने किंवा फोनने सेकंदाच्या हजाराव्या, अडीचशेव्या आणि साठाव्या भागात एकेक चित्र घ्या. पाते किती अंश पुसट झाले ते कोनमापकाने मोजा आणि पंख्याचा वेग काढा. तिन्ही उत्तरे जुळतात का?

२. एका पात्यावर रंगीत कागदाची पट्टी चिकटवा. फोन आडवा धरून आणि उभा धरून चित्र घ्या. पाती वाकण्याची दिशा बदलते का? का बदलते, ते मुलांनाच सांगू द्या.

३. लाल, निळी व पिवळी वर्तुळे कागदावर रंगवा. त्यांचे चित्र कृष्णधवल करा. कोणता रंग सर्वांत गडद दिसतो? आता तेच चित्र निळ्या आणि लाल जिलेटिन कागदातून घ्या.

चित्रामागचे टिपण

शाळेची सहल वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेली, तर तेथे मारुत हे भारतात विकसित केलेले पहिले लढाऊ जेट विमान पाहता येते. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढले. उभ्या विमानाचे छायाचित्रण सोपे असल्यामुळे बहुतेकजण विमानासमोर मित्रांना उभे करतात आणि पुढे जातात. त्याऐवजी मुलांना चार चित्रे घ्यायला सांगा. संपूर्ण बाजू, पुढून तिरपे, शेपटीवरचा क्रमांक जवळून आणि माहितीचा फलक. बाजूच्या चित्रात एक विद्यार्थी विमानालगत उभा असावा, म्हणजे मापाला आधार मिळतो. तो दीड मीटर उंच आहे आणि चित्रात १५ मिलिमीटर दिसतो, तर चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. मग मुले विमानाची लांबी स्वतः काढू शकतात.

शेवटी प्रत्येक चित्रासोबत चार ओळी लिहायच्या: कोठे, केव्हा, कोणी काढले आणि विमानावर काय लिहिले होते. विमान दुसऱ्याचा क्रमांक धारण करत असेल, तर तेही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचे प्रदर्शन झाले, तेव्हा हजारो फोन आकाशाकडे रोखलेले होते. त्यांतल्या किती चित्रांमागे या चार ओळी असतील?

नेवाळीच्या धावपट्टीकडे मात्र कॅमेरा घेऊन मुलांना नेऊ नये. ती संरक्षण खात्याच्या ताब्यातली जागा आहे आणि विमानतळांवर परवानगीशिवाय छायाचित्रे काढण्यास १९३७ च्या विमान नियमांपासून बंधने आहेत. पण गावात जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांना 'कोणते विमान होते?' असे विचारून उपयोग नाही. पंखा एक होता की दोन? पंखांची एक जोडी होती की एकावर एक दोन? जमिनीवर उभे असताना विमानाचे नाक आकाशाकडे वर उचललेले असे की सपाट? अंगावरच्या वर्तुळात लाल होते का? अशा प्रश्नांची उत्तरे लहानपणी पाहिलेले माणूस देऊ शकते, आणि त्यांवरून विमानाचा प्रकार बराचसा ओळखता येतो. हे जे आजोबा-आजी स्वतः पाहून सांगतात ते एका रकान्यात आणि जे वडिलांकडून ऐकलेले सांगतात ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. जुनी पावती, नकाशा किंवा छायाचित्र निघाले, तर मूळ त्यांच्याकडेच ठेवून त्याची प्रत घ्यावी आणि प्रतीमागे चार ओळी लिहाव्यात.

ही जमीन कोणाची, याचा निवाडा शाळेने करायचा नाही. पण या गावांच्या शिवारात युद्ध कसे आले, त्याने काय नेले आणि काय मागे ठेवले, याची नोंद करणे हे इतिहासाचेच काम आहे. कानपूरच्या भंगारातली विमाने तंत्रज्ञांनी वेळेवर तपासली, म्हणून ती वाचली. आठवणींच्या बाबतीत तसा वेळ आता थोडाच उरला आहे.